आधी विचार, काय बंद पडलं

प्रिय डॉक्टर,

हातपाय बांधून पिकअपमध्ये घालून आणलेल्या पेशंटचं, मानसोपचारतज्ज्ञ नसताना, रात्री दोन वाजता करायचं काय, असं तू विचारलंस. २०२० मध्ये राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला होती, मराठवाड्यात एकही नाही. लॉकडाऊनमध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्यावर पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाची चिठ्ठी लिहून मोकळं होणंही संपलं. जे करायचं ते औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला, नाहीतर तालुक्यालाच.

घरचे म्हणतील, ‘बाहेरचं झालंय.’ ऐकून घे, वाद घालू नकोस. मग विचार: गेल्या आठ-पंधरा दिवसांत याचं काय बंद पडलं?

मार्च २०२० च्या शेवटी दारूची दुकानं एकदम बंद झाली. रोज पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, झटके, भिंतीवर किडे दिसणं, रात्रभर बरळणं. हे वेड नव्हे, दारू तुटल्याचा डिलिरियम, म्हणजे शुद्ध हरपून होणारा भ्रम आहे आणि तो जीव घेतो. आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१), मग ग्लुकोज. शांत करायला लोराझेपॅम, हे गुंगीचं औषध. नुसत्या हॅलोपेरिडॉलवर, म्हणजे भ्रमावरच्या औषधावर, विसंबू नकोस, त्याने झटक्यांचा धोका वाढतो. लॉकडाऊन संपलं तरी हे संपलेलं नाही. पाय मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री बरळायला लागला, तर आधी हाच प्रश्न विचार.

एसटी बंद, म्हणून गोळ्याही बंद. लिथियम, मूड स्थिर ठेवणारं औषध, अचानक सुटलं की उन्माद उसळून येतो. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापीनमध्ये दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम द्यायचा नाही. पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवायचा. नातेवाईक जुनी चिठ्ठी पुढे करून घाई करतील, तेव्हा तू घाई करायची नाहीस. उलटंही घडतं: गोळ्या चालू आहेत, पण मे महिन्याचं ऊन, पाणी कमी, उलट्या, हात थरथरतात, चालताना तोल जातो. तिथे लिथियम रक्तात साठलंय का ते बघ.

आणि कोविड वॉर्डात मास्क ओढून फेकणारी, पळून जाणारी कितीतरी माणसं ऑक्सिजन उतरल्याने तशी वागत होती. म्हणून इंजेक्शन भरण्याआधी बोटाला ऑक्सिमीटर लाव, शुगर बघ, ताप बघ. स्टिरॉइड चालू होतं का तेही विचार, त्यानेही माणूस भरकटतो. दोर मात्र लवकर सोडव. मनगटं काळीनिळी झालेली असतात आणि कुणाचं लक्ष नसतं.

लॉकडाऊननंतर जे आलं, ते याहून अवघड. काम गेलेलं, कर्ज थकलेलं, घरातला माणूस गेला आणि शेवटचं तोंडही बघता आलं नाही. अशांपैकी कुणी फवारणीचं औषध पिऊन येतं. घरचे सांगतात, ‘चुकून पिलं.’ पोलिसांची भीती असते. त्यांना स्पष्ट सांग की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, त्याला शिक्षेला सामोरं जावं लागत नाही. तू एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदव, पण त्याच वेळी हेही सांग. याच कायद्याने तुलाही, मानसोपचारतज्ज्ञ नसताना, तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत करता येतात. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे कायद्याने पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, हजर असेल तर त्याची संमती घेऊन. हे तास रेफर करायची वाट बघण्यात घालवू नकोस.

अ‍ॅट्रोपिनने, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याने, तो वाचला की त्याच्याजवळ खुर्ची ओढून बस आणि सरळ विचार, अजून मरावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मी खात्रीने सांगतो. डिस्चार्ज देताना घरातल्या बाईमाणसांना बाजूला घेऊन औषधाचे डबे कुठे ठेवतात ते विचार. घराबाहेर, कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे. कागदावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिही. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तू स्वतः फोन कर.

तुझा,
सर