सबस्टॉर्ममध्ये (पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होते तेव्हा) इलेक्ट्रॉनची एनर्जी कशी वाढते हे सिम्युलेट करायचंय, थेट पीआयसी (पार्टिकल-इन-सेल, ज्यात कण आणि फिल्ड एकमेकांना बदलतात) कोडपासून सुरुवात करू का?

नका करू. मी याच विषयात काम करतो आणि माझं मत विचाराल तर आधी टेस्ट पार्टिकल करा, म्हणजे फिल्ड आधीच ठरलेलं, त्यात इलेक्ट्रॉन सोडायचे आणि फक्त त्यांचा मार्ग काढायचा, ते फिल्ड बदलत नाहीत असं धरून. जास्त एनर्जीवाले इलेक्ट्रॉन संख्येने थोडेच असतात, त्यामुळे हे बऱ्यापैकी चालून जातं.

खरा मुद्दा एनर्जी येते कुठून हा आहे. चुंबकीय बल वेगाला कायम काटकोनात असतं, ते काम करतच नाही, म्हणजे सगळं विद्युत क्षेत्राकडूनच यायला हवं. सबस्टॉर्ममध्ये मॅग्नेटोटेलमधल्या (रात्रीच्या बाजूला लांब पसरलेल्या चुंबकीय शेपटीतल्या) ताणलेल्या चुंबकीय रेषा रिकनेक्शननंतर, म्हणजे तुटून पुन्हा जोडल्यावर, पृथ्वीकडे झेपावतात, एखाद्या जागी चुंबकीय क्षेत्र काही सेकंदांत उसळी घेतं आणि या बदलामुळेच इंडक्शनचं विद्युत क्षेत्र तयार होतं. म्हणून स्थिर पोटेन्शियल घेऊन बसलात तर मुख्य गोष्टच हातातून निसटते. आकडा बघा, १० नॅनोटेस्लामधला १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन १०० नॅनोटेस्लात आला आणि म्यू (लंब दिशेची एनर्जी भागिले चुंबकीय क्षेत्र) टिकला, तर लंब दिशेची एनर्जी जवळपास १० पट. हे बीटाट्रॉन, आणि रेषा आखूड झाल्यामुळे समांतर दिशेत मिळतं ते फर्मी.

प्रत्येक गिरकी मोजायची गरज नाही. १० नॅनोटेस्लात एक गिरकी साधारण ३.६ मिलिसेकंदांची, आणि घटना चालते मिनिटं-मिनिटं, त्यामुळे गायडिंग सेंटर वापरा, म्हणजे फक्त गिरकीच्या केंद्राचा मार्ग काढा. मात्र पातळ करंट शीटमध्ये (शेपटीच्या मधल्या विद्युत प्रवाहाच्या थरात) रेषेचं वळण गिरकीच्या त्रिज्येइतकं तीव्र झालं (१० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ती जवळपास ३४ किलोमीटर) की म्यू टिकत नाही, तिथे प्रत्येक गिरकी मोजणाऱ्या पूर्ण लॉरेंट्झ समीकरणावर जा, ते सोडवायला बोरिस अल्गोरिदम उत्तम.

एमएचडीचं (प्लाझ्माला वाहत्या द्रवासारखं धरणाऱ्या मॉडेलचं) फिल्ड घेणार असाल तर एक गोष्ट अगदी जपून करा. फ्रंट, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची ती उसळी, सेकंदांत निघून जातो आणि तुमचे स्नॅपशॉट मिनिटा-मिनिटाचे असले तर मधे इंटरपोलेट करताना तो पसरट होतो, शिवाय रेषेच्या दिशेने खोटं विद्युत क्षेत्र उगवतं आणि इलेक्ट्रॉन फुकटची एनर्जी खात सुटतात, एमएचडी आयडियल (विद्युत रोध शून्य धरलेलं) असेल तर तो समांतर भाग प्रत्येक स्टेपला काढूनच टाका.

सुरुवातीला एमएचडीसुद्धा नको खरं तर. शिनलिन ली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये डायपोलवर (पृथ्वीच्या साध्या, दांडचुंबकासारख्या क्षेत्रावर) पृथ्वीकडे येणारा एक पल्स टाकून काम भागवलं होतं, तेच करून बघा. आधी पल्स बंद ठेवून नुसत्या डायपोलमध्ये एनर्जी स्थिर राहते का ते तपासा. मग पल्स चालू करून ६.६ पृथ्वी-त्रिज्यांवर, म्हणजे जिओसिंक्रोनस कक्षेत, फ्लक्स (दर सेकंदाला किती कण येतात ते) काढा. त्यासाठी कण तिथून काळात मागे न्या आणि उगमापाशी फेज स्पेस डेन्सिटी (जागा आणि वेग दोन्ही धरून कणांची दाटी) द्या, ल्यूव्हिलच्या नियमाने ती मार्गावर तशीच राहते, हजारो कण वाया जात नाहीत. इंजेक्शनच्या जागी सगळ्या एनर्जींचा फ्लक्स एकाच वेळी वाढलेला दिसला आणि पूर्वेकडे फेरी मारून परत येताना जास्त एनर्जीवाले आधी पोचले, तर तुमचा कोड बरोबर चाललाय.