लिनक्सवर होम डिरेक्टरी (युजरच्या स्वतःच्या फायलींचा फोल्डर) हलवताय? आधी एवढं सांभाळा
सगळ्यांची एकदम हलवू नका. आधी एक चाचणी खातं घ्या, जमेल.

- आरसिंक (फायलींची प्रत करणारी आज्ञा) रूट म्हणूनच, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातूनच चालवा, नाहीतर फायलींची मालकी बदलते. नुसत्या 'ए' (-a) पर्यायात हार्डलिंक (एकाच फायलीची जादा नावं) आणि एसीएल (परवानग्यांची जादा यादी) येत नाहीत, ते वेगळे मागा. स्रोताच्या मार्गाशेवटी तिरकी रेघ विसरलात तर फोल्डरात फोल्डर होतो. नवखे इथेच हमखास अडकतात.
- पहिली प्रत काम चालू असताना चालेल. शेवटची मात्र सगळ्यांना लॉगआउट करून, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सेवा) थांबवूनच.
- मग यूजरमॉडला (खात्याची माहिती बदलणारी आज्ञा) फक्त 'डी' (-d) पर्याय आणि नवा मार्ग द्या. त्याने होमच्या मार्गाची नोंद तेवढी बदलते. फायली तुम्ही आधीच नेल्यात.
- एसएसएच किल्ली (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायची) चालेना? होमची मालकी आणि परवानग्या तपासा.

जुनी डिरेक्टरी पुसू नका, नाव बदलून ठेवा. जुना मार्ग लिहिलेल्या स्क्रिप्ट त्यामुळे लगेच उघड्या पडतात.