दाताच्या नळीत कडुनिंबाचा अर्क चालेल का?

प्रश्न : मी नागपुरात, महालात राहते. दाढेचं रूट कॅनल सुरू आहे. आत सोडतात त्या औषधाला ब्लीचिंग पावडरचा वास येतो. त्याऐवजी कडुनिंब किंवा त्रिफळा का वापरत नाहीत?

उत्तर : ताई, माझ्या दवाखान्याच्या दारातच कडुनिंब आहे, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा. तो वास सोडियम हायपोक्लोराइटचा, ते ०.५ ते ५.२५ टक्के तीव्रतेचं वापरतात. कडुनिंब, त्रिफळा, ग्रीन टी यांचे अर्क काढलेल्या दातांवर तपासले गेलेत. नळीत चिवटपणे तग धरणाऱ्या एंटरोकॉकस फीकॅलिस जिवाणूवर त्यांचा परिणामही दिसतो. पण जिवाणू मारून भागत नाही. दाढेच्या नळीला केसाएवढे बारीक फाटे असतात. तिथे फाइल, म्हणजे नळी घासायचं सुईसारखं हत्यार, पोचत नाही आणि मेलेली नस अडकून राहते. ती हायपोक्लोराइट विरघळवतं. अर्क इथे फार मागे पडतात.

दातावर रबराचा पडदा लावून, बाजूला छिद्र असलेल्या सुईनं हायपोक्लोराइट हळूहळू सोडतात. घशाशी कडवट चव आली तर लगेच हात वर करा. आणि घरचा काढा उघड्या दाढेत कृपा करून घालू नका. तात्पुरतं सिमेंट निघालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.