साध्या मॅमोग्राफीनंतर कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी सांगितली आहे. त्यापेक्षा थेट एमआरआय करावा का?

तुम्ही लिहिलंय की आई इंदूरला असतात, वय 58, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. रिपोर्टात 'दाट स्तन, बायरॅड्स 0' आलं, डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी सांगितली आणि भाऊ म्हणतो, थेट एमआरआयच करू. मी इंदूरलाच तेरा वर्षं मॅमोग्राफीच्या मशीनवर काम करते. मी डॉक्टर नाही, रिपोर्ट मी देत नाही, पण ही तपासणी रोज हाताखालून जाते.

आधी तो शून्य. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निष्कर्षाला द्यायचा ठरलेला आकडा, आणि 0 म्हणजे कॅन्सर नव्हे. 'एवढ्या फिल्मवरून सांगता येत नाही, आणखी बघावं लागेल' एवढाच त्याचा अर्थ. दाट स्तनाची ग्रंथी एक्स-रेत पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणून गाठ लपते.

कॉन्ट्रास्टमध्ये हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध देतात. कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, त्या कच्च्या आणि गळक्या असतात, म्हणून तिथे औषध साठतं. इंजेक्शननंतर साधारण 2 मिनिटं थांबून आम्ही फोटो घ्यायला लागतो. एकाच दाबात दोन एक्स-रे निघतात, एक कमी ऊर्जेचा, एक जास्त. आयोडीन 33 केईव्हीच्या (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) वरच्या किरणांना एकदम जास्त अडवतं, त्या फरकावरून कॉम्प्युटर ग्रंथीचा पांढरेपणा वजा करतो आणि आयोडीन धरलेली जागा तेवढी उजळते. कमी ऊर्जेचा फोटो म्हणजे आपली नेहमीची मॅमोग्राफीच. रेडिएशन साध्यापेक्षा थोडं जास्त लागतं.

भावाचं म्हणणं चुकीचं नाही, एमआरआय उत्तम तपासणी आहे. पण त्यात बराच वेळ नळीत पालथं झोपून राहावं लागतं, खर्चही जास्त. आणि दाट स्तनांत कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी काही मागे पडत नाही. 2025 मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनचा 'ब्रेड' नावाचा अभ्यास आला. स्तन दाट आणि साधी मॅमोग्राफी निर्धोक, अशा बायकांत कॉन्ट्रास्टने दर हजारी सुमारे 19 कॅन्सर सापडले, छोट्या (कमी वेळाच्या) एमआरआयने 17, स्वयंचलित सोनोग्राफीने 4. एमआरआय सरस ठरतो तो छातीच्या भिंतीलगत आणि काखेत, कारण तो भाग मॅमोग्राफीच्या दाबायच्या पट्टीखाली नीट येत नाही. डॉक्टरांना तिथलीच शंका असेल तर भावाचं ऐका. नाहीतर आधी कॉन्ट्रास्ट करा, असं माझं मत.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. कॉन्ट्रास्टमध्ये काही उजळलं नाही म्हणून साध्या फोटोतली खूण पुसली जात नाही. रामबागेतल्या माझ्या आत्याच्या स्तनात चुन्याचे बारीक कण दिसले होते. वजाबाकीच्या फोटोत ती जागा काळीच राहिली. घरात सगळे म्हणाले, 'सुटलो, आता बायोप्सी कशाला?' तीन आठवडे मी त्यांच्याशी भांडले. बायोप्सीत डीसीआयएस निघाला, म्हणजे दूधनळीतच असलेला, बाहेर न पसरलेला कॅन्सर. असे कण आयोडीन धरतीलच असं नाही. हाताला लागणाऱ्या गाठीचंही तेच. आणि उलटही होतं: कॅन्सर नसलेली, साधी फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठसुद्धा उजळते. म्हणून शंका असलेल्या जागेची बायोप्सी डॉक्टरांनी सांगितली तर ती टाळू नका, फोटो कोणताही असो.

जायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या, औषध किडनीतून बाहेर पडतं. किडनी चांगली असेल तर मेटफॉर्मिन बहुधा थांबवावं लागत नाही, तरी काही ठिकाणी 48 तास बंद ठेवायला सांगतात. सेंटरला फोन करून विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. तेव्हाच हेही विचारा की ही सोय त्यांच्याकडे आहे ना, कारण प्रत्येक मॅमोग्राफी मशीनवर ती नसते. पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी इंजेक्शनने पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर ते पहिल्यांदा सांगा. थायरॉइडचा त्रास असेल तर तोही.

औषध आत जाताना अंगभर गरम वाटतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. आईंना हे आधीच सांगून ठेवा, कारण न सांगितलेल्या बायका त्या क्षणी फार घाबरतात आणि हलतात. दाब नेहमीसारखाच लागतो. नंतर थोडा वेळ आम्ही बसवून ठेवतो, लगेच रिक्षात बसवून नेऊ नका.

त्या दिवशी पावडर आणि डिओडरंट लावू देऊ नका, त्याचे कण फिल्मवर चुन्यासारखे दिसू शकतात. साडी-ब्लाउज किंवा कुर्ता-सलवार बरी, वरचंच काढावं लागतं. आणि जुन्या फिल्म, सीडी, काही असेल ते सगळं बरोबर द्या. चार वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कोणती खूण नवी आहे ते रेडिओलॉजिस्टना कळतं.