एक छप्पर, वेगळ्या चुली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सिनियरकडे सात वर्षं काढलीस, आता स्वतःचं काम उभं करायचं आहे. एकट्याने ऑफिस थाटण्याइतकं बळ अजून नाही, म्हणून चार-सहा वकिलांनी मिळून चालवलेल्या फर्ममध्ये जायचं मनात आहे. नाव एक, जागा एक, क्लार्क आणि हिशेबनीस सामाईक, आणि अशील व कमाई ज्याची त्याची. जावं का, असं विचारलं आहेस. जरूर जा. मी एकोणीस वर्षं अशाच घरात काढली आणि माझी सगळी प्रॅक्टिस तिथेच वाढली. पण केबिन केवढी आणि फर्मचा वाटा किती टक्के, हे तुझे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. चूल तुझी तुलाच पेटती ठेवायची आहे, आणि एका चुलीतली ठिणगी सगळ्यांच्या छपराला लागू शकते. या दोन गोष्टी कळल्या असतील तरच पुढचं बोलणं.

ठिणगीचं, म्हणजे एकाचा अशील दुसऱ्याच्या अशिलाच्या आड येतो त्याचं, आधी सांगते, कारण त्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलेलं नाहीस.

इंग्लंडमधली बॅरिस्टरांची चेंबर्स, म्हणजे त्यांची सामाईक ऑफिसं, हे या व्यवस्थेचं जुनं रूप. तिथे भाडं आणि क्लार्कचा खर्च वाटून घेतात, फी वाटून घेत नाहीत. प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक, त्यामुळे एकाच चेंबर्समधले दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहतात आणि तिथल्या कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते तसं दिसेलच असं नाही. क्रोएशियाच्या वीज कंपनीने स्लोव्हेनियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय गुंतवणूक लवादाकडे नेलेल्या प्रकरणात स्लोव्हेनियाने ऐन सुनावणीच्या तोंडावर एक बॅरिस्टर आणला. तो लवादाच्या अध्यक्षांच्याच चेंबर्सचा निघाला. 2008 साली लवादाने त्याला पुढच्या कामात भाग घ्यायला मनाई केली. त्याने काही गैर केलं होतं म्हणून नव्हे, समोरच्या पक्षाच्या मनात लवादाच्या निष्पक्षपणाबद्दल रास्त शंका राहू नये म्हणून.

अमेरिकन बार असोसिएशनचे आदर्श नियम याहून कडक आहेत. जागा वाटून घेणारे आणि अधूनमधून एकमेकांचा सल्ला घेणारे दोन वकील एरवी फर्म धरले जात नाहीत. पण लोकांसमोर फर्म असल्यासारखे वावरले, तर त्यांना फर्मच धरायचं. आणि फर्म धरली की नियम 1.10 प्रमाणे एकाला जे प्रकरण घेता येत नाही, ते बहुतेक वेळा त्याच्या कुठल्याच सहकाऱ्याला घेता येत नाही. म्हणजे तुमचं आपसात काय ठरलंय याला किंमत कमी. पाटीवर, लेटरहेडवर, बिलावर काय छापलंय याला जास्त. तुझी सनद ज्या बार कौन्सिलची आहे तिचे नियम याच नजरेने वाच, आणि मग त्या फर्मचं लेटरहेड मागवून घे.

माझी चूक सांगते. तिसरं वर्ष असेल. एक गृहस्थ संध्याकाळी उशिरा आले, ओळखीतून आलेले, अस्वस्थ. वडिलोपार्जित मिळकतीचा वाद होता. मी नाव लिहून घेतलं, पाणी दिलं आणि म्हटलं, सांगा. अर्धा तास ते बोलत होते. कुठल्या कागदावर सही खरी, कुठल्यावर नाही, आणि शेवटी शेवटी, समोरच्याने किती दिले तर ते मिटवून टाकतील तो आकडाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मच्या सगळ्या अशिलांचं रजिस्टर उघडलं, सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा कळलं. समोरचा म्हणजे त्यांचा भाऊ, आणि त्या भावाची कंपनी दहा वर्षं माझ्या शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याची अशील. कंपनीचं नाव वेगळं, आडनाव कुठेच नाही. आदल्या संध्याकाळी रजिस्टर पाहिलं असतं तरीही ते मला सापडलं असतं की नाही, कोण जाणे, कारण नोंदच फक्त कंपनीच्या नावाने होती. मला ते काम सोडावं लागलं, हे ठीकच. पण त्या गृहस्थांची गुपितं आता आमच्या घरात होती, म्हणून माझ्या सहकाऱ्यालाही त्या भावाचं काम सोडावं लागलं. दहा वर्षांचा अशील माझ्या अर्ध्या तासापायी गेला. सहकारी मला एका शब्दाने बोलला नाही, त्याने ते अधिकच लागलं.

त्यानंतर आम्ही एक साधा कागद केला. पहिल्या फोनवर क्लार्क फक्त नावं विचारतो: येणाऱ्याचं नाव, आधीचं नाव किंवा माहेरचं आडनाव, समोरच्याचं नाव, दोघांशी संबंधित कंपन्या आणि भागीदार, समोरचा वकील. हकिगत विचारायची नाही. सांगायला लागले तर नम्रपणे थांबवायचं. तो कागद सगळ्यांकडे फिरतो आणि सगळ्यांनी ‘नाही’ लिहिल्यावरच भेटीची वेळ मिळते. फर्ममध्ये पहिल्यांदा जाशील तेव्हा हा कागद दाखवायला सांग. तसा काही कागद नसेल आणि “आम्ही एकमेकांना विचारतो की” असं उत्तर मिळालं, तर सावध हो.

आता पैशाचं. ठरावीक महिना की टक्केवारी, यावर तू बराच ऊहापोह केला आहेस. मला तो तितका अवघड वाटत नाही. सुरुवातीला टक्केवारी बरी, कारण कोरड्या महिन्यात देणंही कोरडं राहतं. काम वाढलं की ठरावीक रक्कम परवडते. दोन-तीन वर्षांनी एकावरून दुसऱ्यावर जाता येईल, असं कलम करारात असलं की झालं. इंग्लंडमध्ये 2002 साली सुरू झालेली कीस्टोन लॉ ही फर्म याच धर्तीवर चालते. वकिलाला पगार नाही. फीचा 75 टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याचा, उरलेल्यातून फर्म ऑफिस, विमा आणि देखरेख सांभाळते. 2017 मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली, म्हणजे हे गणित नीट बसवलं तर टिकतं. तू विचारायचं ते एवढंच: टक्केवारी काढलेल्या बिलावर की हातात आलेल्या रकमेवर? बिलावर असेल तर अशिलाने पैसे बुडवले तरी फर्मचा वाटा तुझ्या खिशातून जाईल. आणि अशिलाने खर्चासाठी ठेवलेले पैसे वेगळ्या खात्यात राहतात ना, त्यावर सही कोणाकोणाची, हेही पाहा. एकाने त्या खात्याला हात लावला तर नाव सगळ्यांचं जातं.

विम्याचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत. व्यावसायिक चुकीचा विमा सहसा चूक झाली त्या वर्षाचा लागत नाही, दावा आला त्या वर्षाचा लागतो. आज तुझी एक मुदत हुकली, तू तीन वर्षांनी फर्म सोडलीस आणि चौथ्या वर्षी अशिलाने दावा लावला, तर त्या दिवशी तुझ्यावर पांघरूण कोणाचं? फर्म बंद झाली तर कोणाचं? इंग्लंडमध्ये बंद होणाऱ्या सॉलिसिटर फर्मला पुढची सहा वर्षं विम्याचं संरक्षण असावं लागतं. तुझ्या करारात निघून गेल्यानंतरच्या वर्षांबद्दल एक ओळ तरी हवीच. नसेल तर घालून घे, आणि तो हप्ता कोण भरणार तेही लिही.

चुलीचं आता. मोठ्या नावाखाली बसलं की कामं आपोआप येतील, असं तुझ्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसतं. येणार नाहीत. पाटी पाहून येणारा अशील पाटीच्या मूळ मालकाकडे जातो. तुझ्याकडे काम येईल ते शेजारच्या केबिनमधून, आणि तेही शेजाऱ्याला तू नेमकं काय करतोस ते एका वाक्यात सांगता आलं तरच. “तो दिवाणी कामं करतो” हे वाक्य कोणाच्याही लक्षात राहत नाही. “भाऊबंदकीतल्या वाटण्या तो करतो, आणि जमलं तर कोर्टाबाहेर मिटवतो” हे राहतं. पहिली दोन वर्षं मिळेल ते काम घे, पोट आहेच. पण तुझं वाक्य पहिल्या महिन्यात ठरव आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांग.

शेजाऱ्याने पाठवलेला अशील सांभाळण्याची एक रीत आहे. काम झाल्यावर दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, काय झालं ते कळवायचं, आणि त्याच अशिलाचं पुढचं काम शेजाऱ्याच्या विषयातलं असेल तर ते न विचारता त्याच्याकडे परत पाठवायचं. मी एकदाही शेजाऱ्याचा अशील फोडला नाही. माझ्याकडे आलेल्या कामांतलं अर्ध्याहून अधिक काम त्या एका सवयीमुळे आलं, असं मला मनापासून वाटतं. पाठवणाऱ्याचा फीमध्ये काही वाटा असेल तर तो नियमांत बसतो का ते पाहा, आणि अशिलाला लेखी कळव. त्याच्या पैशातून कोणाला काय मिळतंय हे त्याला कळलंच पाहिजे.

वकीलपत्र आणि फीचं पत्र तुझ्या नावाने असू दे. फर्मच्या नावाने करणं नियमाने भागच असेल, तर पत्रात काम कोण पाहणार म्हणून तुझं नाव हवं. अशिलाला पहिल्याच भेटीत सांग, आम्ही एका ठिकाणी बसतो, पण तुमच्या कामाची जबाबदारी माझी.

आणि निघण्याचं कलम आत शिरतानाच लिही. तेव्हा सगळे प्रेमात असतात, म्हणून ते लिहिणं सोपं जातं. फाईल कोणाची, अर्धवट कामाची फी कशी वाटायची, फोन नंबर आणि ईमेल कोणाकडे राहणार. अशील ही कोणाची मालमत्ता नाही, कोणाकडे जायचं ते तोच ठरवतो. म्हणून त्याला फर्मच्या आणि तुझ्या, दोघांच्या सहीचं एकच पत्र जावं, हे आधीच कबूल करून घे. अमेरिकन नियम 5.6 तर निघून जाणाऱ्या वकिलाला वकिली करण्यापासून अडवणारा करारच करू देत नाही. तसलं कलम तुझ्या मसुद्यात दिसलं तर सही करू नकोस, माणसं कितीही चांगली असोत.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढला आहेस का, ते लिहिलं नाहीस. नसेल तर सिनियरकडे आणखी थोडे महिने राहा, त्यात कमीपणा नाही.

मसुदा हातात आला की मला पाठव. शेवटच्या पानावरचं निघण्याचं कलम आणि विम्याची ओळ मी आधी वाचीन, समासात पेन्सिलीने खुणा करीन आणि आठवड्याभरात परत पाठवीन. तोवर कुठेही सही करू नकोस.

तुझी,
ताई