वाचकांचे प्रश्न : द्रवरूप हायड्रोजनवर उडणारं विमान

प्रश्न : हायड्रोजन केरोसीनपेक्षा हलका. मग तो विमानाच्या पंखांतल्या टाक्यांतच का भरत नाहीत?

वजनाचा हिशेब हायड्रोजनच्याच बाजूने आहे. किलोमागे त्यातून १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, केरोसीनमधून ४३. घोडं अडतं ते जागेपाशी. उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रव केलेला हायड्रोजन लिटरला जेमतेम ७१ ग्रॅम भरतो, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेला चौपट जागा लागते. त्यात पंख पडला चपटा : पृष्ठभाग मोठा, म्हणजे बाहेरची उष्णता चहूकडून आत शिरणार आणि द्रव उकळत राहणार. आतल्या दाबालाही चपटी टाकी टिकत नाही. म्हणून टाकी गोल किंवा नळकांड्यासारखी, दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी ठेवून करतात आणि बहुधा प्रवाशांच्या मागे बसवतात. १९८८ साली सोव्हिएत तुपोलेव-१५५ उडालं, तेव्हाही टाकी मागेच होती. तीनपैकी एकच इंजिन हायड्रोजनवर चालत होतं.

प्रश्न : टाकीतली हवा काढायला महागडा हेलियम कशाला? नायट्रोजन चालणार नाही का?

हवा घालवण्यापुरता चालतो, पण द्रव सोडण्याआधी तोही काढावाच लागतो. नायट्रोजन उणे २१० अंशांना गोठतो. उरलेल्या नायट्रोजनचे कण गाळणीत नि झडपेत अडकतात, आणि मग झडप पुरती मिटत नाही. हवेवर थेट हायड्रोजन सोडणं तर नकोच. हवेत तो ४ ते ७५ टक्के असला की पेटू शकतो. म्हणून हेलियमने धुऊन घेतात. मग द्रव अगदी थोडाथोडा सोडायचा. सुरुवातीला जाईल तेवढ्याची वाफच होते. घाई केली तर दाब एकदम चढतो, आणि धातू असमान आकसून जोडांवर ताण येतो. टाकी काठोकाठ भरायची नाही, वर वाफेला जागा हवी.

भरताना नळीकडे लक्ष ठेवा. निर्वात आवरणाच्या नळीवर एकाच जागी दव किंवा बर्फ धरलं, तर तिथलं निर्वात गेलं असं समजा. उघड्या थंड भागातून थेंब गळत असतील तर ते पाणी नव्हे, द्रव झालेली हवा असते. ऑक्सिजन नायट्रोजनच्या आधी द्रव होतो, त्यामुळे त्या थेंबांत त्याचं प्रमाण जास्त असतं. खाली डांबर किंवा तेल असेल तर पेट घेण्याचा धोका मोठा.

प्रश्न : धूर नाही म्हणजे प्रदूषणही नाही?

कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पण नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. पाण्याची वाफ तर तेवढ्याच ऊर्जेला केरोसीनच्या सुमारे अडीच पट निघते.