नाव बदललं, दार उघडलं नाही

प्रश्न : ग्रीसच्या हट्टापायी मॅसेडोनियाने ‘उत्तर मॅसेडोनिया’ असं नाव घेतलं. नाटोत प्रवेशही मिळाला. मग युरोपीय संघात घोडं कुठे अडलं? – एक वाचक, मिरज

उत्तर : माझ्या जुन्या ॲटलासमध्ये इथे नुसता युगोस्लाव्हिया आहे. वर्गात भूगोल शिकवताना १९९१ नंतर मी तिथे पेन्सिलीने ‘मॅसेडोनिया’ लिहिलं. २०१९ मध्ये त्याच्या आधी ‘उत्तर’ घुसवलं. मला तीन अक्षरं लिहायची होती, त्यांना भांडण मिटवायला सत्तावीस वर्षं लागली. ग्रीसमध्ये त्याच नावाचा प्रांत आहे, शिवाय सिकंदर आमचा, हे ग्रीकांचं म्हणणं. त्यापायी या देशाने १९९५ मध्ये झेंडाही बदलला. २००८ मध्ये ग्रीसने नाटोची वाट अडवली. अखेर जून २०१८ मध्ये प्रेस्पा तलावाकाठी दोघांत नावाचा करार झाला, आणि मार्च २०२० मध्ये नाटोचं सदस्यत्व मिळालं.

युरोपीय संघाचं गणित वेगळं. तिथे एकाही सदस्याने ‘नाही’ म्हटलं की गाडी थांबते. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सचे मॅक्रॉन अडून बसले : आधी प्रवेशाची पद्धत सुधारा. ती सुधारली, तर नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरिया आडवा आला. तुमची भाषा वेगळी नाहीच, ती बल्गेरियनच! नावावर तोडगा निघतो हो, पण घरी बोलता ती भाषाच नाही म्हटल्यावर माणूस काय तडजोड करणार?

२०२२ मध्ये फ्रान्सनेच मार्ग सुचवला : राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा, मग पुढच्या वाटाघाटी. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे होते ३,५०४. माझ्या मते मागणी तशी किरकोळ आहे. पण एकदा नाव सोडून दिलेल्या माणसाला ‘अजून एवढंच’ हे शब्द ऐकवत नाहीत. त्यात १२० जणांच्या संसदेत दोन तृतीयांश मतं हवीत, ती जमेनात. जोडीने रांगेत उभा असलेला अल्बानिया ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढे सरकला.

मे २०२४ मध्ये या नाराजीवर स्वार होऊन विरोधी पक्ष सत्तेवर आला. नव्या राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा यांनी शपथविधीत देशाला नुसतं ‘मॅसेडोनिया’ म्हटलं, आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या.